वरची मेमरी

(बारामती, मे १९९९. मानसिंगराव यांच्या लग्नपत्रिका छापायच्या दुकानाची मागची खोली. शनिवारची दुपार. छकुली इथं कामाला आहे; आबा तिचे आजोबा.)

आबा : थांबलं का गं, छकुले?

छकुली : थांबलं न्हाय आबा, अडकलं. जरा बोलू नका.

आबा : मी कवाचा गप हाय. मी बी अडकलोय, म्हणून तर इचारतोय. आधी मी अडकलो का आधी मशिन?

छकुली : आधी तुमी. मग ते.

मानसिंग : काय चाललंय? आतून गाण्याचा आवाज येईना, म्हणून आलो बघायला. हे काय लिहून आलंय? आउट ऑफ मेमरी? ह्या मशिनला?

छकुली : व्हय दादा.

मानसिंग : अगं, अख्ख्या बारामतीत एवढी रॅम कुणाकडं नाही. लोकांकडं सोळा, फार तर बत्तीस. आपल्याकडं एकशे अठ्ठावीस. घालताना पुण्याचा इंजिनीअर मला म्हणाला होता, मानसिंगराव, पत्रिका छापायच्यात का रॉकेट उडवायचंय?

आबा : राम कमी पडला म्हणायचा.

मानसिंग : रॅम, आबा.

आबा : तेच की. एकशे अठ्ठावीस राम आसून बी त्यात राम न्हाय.

छकुली : दादा, एक सांगायचं राहिलं. मी सकाळी व्हर्च्युअल मेमरी बंद केली होती.

मानसिंग : कशाला? सेटिंगच्या पानावर त्या खुणेपुढं कंसात स्पष्ट लिहिलंय, शिफारस नाही म्हणून. इंजिनीअरनं मला त्यावर बोट ठेवून दाखवलं होतं. म्हणाला, दुकानातलं काहीही हलवा, ह्या खुणेला हात लावू नका. मला तर तेव्हापासून त्या पानाकडं बघायचीही भीती वाटते.

आबा : वरची मेमरी? म्हंजी खालची बी आसती?

छकुली : व्हर्च्युअल, आबा.

आबा : व्हय, वरची. आलं ध्यानात. पगार आसतो आन् वरची कमाई आसती, त्यातलं.

मानसिंग : आबांनी इंजिनीअरपेक्षा लवकर पकडलं. मला तीन दिवस लागले होते.

छकुली : आसंच हाय आबा साधारण. मशिनला जे काम चाललंय ते सगळं हातात धरावं लागतं. ती रॅम. हात भरलं, की आत्ता जे लागत न्हाय ते शेजारी डिस्कवर टेकवतं. लागलं की परत उचलतं. ती टेकवायची जागा म्हंजी ही वरची मेमरी. खरी मेमरी नसतीच ती, असल्यागत वापरायची.

आबा : आन् उचलताना बरोबर तेच उचलतं? दुसरं काय हाताला येत न्हाय?

छकुली : तेच येतं. जसं ठेवलं तसं.

आबा : मग कुठं काय टेकवलंय, ते बी ध्यानात ठेवावं लागत आसंल.

छकुली : ठेवतं. त्याची यादी असती त्याच्याकडं.

आबा : म्हंजी विसरायचं, पण कुठं विसरलो ते विसरायचं न्हाय. नवल हाय गं. ज्यानं काढलं त्याच्या डोक्याला तेल लावाय पायजे.

मानसिंग : ते ठीक आहे. पण एवढी सोन्यासारखी सोय हिनं बंद का केली, ते मला कळू दे.

छकुली : काल आबांचं दोन मिनिटं घेऊन बघितलं, तेव्हा डिस्क कर्र वाजली की आवाजात खंड पडत होता. वाडा म्हणताना मधेच उचकी लागल्यासारखं. म्हटलं, आपल्याकडं रॅम भरपूर आहे, सगळं हातातच मावेल, टेकवायची गरजच काय? कंप्युटरच्या मासिकात पण तसंच आलं होतं, की रॅम जास्त असेल तर बंद करा, मशिन पळतं.

मानसिंग : मासिकवाल्याच्या दुकानात सव्वीस मेची लग्नं नसतात.

छकुली : हिशेब केला होता मी. मिनिटाला पाच एमबी. विंडोजचं सोडून अठरा मिनिटं मिळतात. आबांची ओवी झील काढून टाकली तर पंधरा मिनिटांची.

मानसिंग : झील काढून टाकली म्हणजे?

छकुली : ओवीत आबा एक ओळ म्हणतात, आणि मागचा झीलकरी तीच ओळ परत म्हणतो. प्रत्येक ओळ दोनदा. म्हटलं, तेच तेच कशाला भरायचं, जागा जाते फुकट. आबांना म्हटलं, मागं कुणी म्हणणार नाही, तुम्ही पुढं पुढं म्हणत चला.

आबा : आन् मी निघालो. बावड्यापासनं भिगवणपातूर कुठं टेकलो न्हाय. भिगवणच्या मुक्कामाला आलो आन् फुडं काय येईचना.

छकुली : मला वाटलं, आत्ता येईल, मग येईल. म्हणून मी मशिन थांबवलं नाही. आबा किती तरी वेळ गप्प होते, तेवढ्यात रॅम भरली.

आबा : मी गप बसल्यालं बी भरतं का ते?

छकुली : गाणं असू द्या, न्हायतर शांतता असू द्या. जागा तेवढीच लागती, आबा.

आबा : तेवढीच?

छकुली : तेवढीच.

आबा : मग ह्याला कान हाय खरा. मला वाटलं, नुसतीच पेटी हाय.

मानसिंग : बरं, आता जीवाला लावून घेऊ नका. आजचा दिवस जाऊ दे. पत्रिकांचा रेटा संपला की पुढच्या आठवड्यात परत घेऊ.

छकुली : पुढच्या आठवड्यात न्हाय जमणार, दादा. सोमवारी पुण्याला आबांचं ऑपरेशन आहे. गळ्यात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, गाठ निघेल, पण आवाज राहील का नाही ते आत्ता सांगता येणार नाही.

मानसिंग : हे मला आधी नाही बोललीस.

छकुली : सव्वीसच्या पत्रिका अडल्या असताना मशिन मागायचं, त्यात आजाराचं सांगायचं. मला ते बरं वाटेना.

आबा : ती बोलली न्हाय, मीच नको म्हणलो. माणसानं गाणं गाण्यासाठी ऐकावं. गाठीसाठी ऐकू नये.

मानसिंग : घरी टेप नाही का तुमच्याकडं?

छकुली : आहे की. भिमातात्या असताना टेपवर घेतली होती एकदा. त्या कॅसेटवर पोरांनी लग्नातली गाणी भरली. भिमातात्या म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. तेच झील धरायचे. गेल्या दिवाळीत गेले.

मानसिंग : मग लिहून ठेवायची.

छकुली : दोन वह्या आणल्या होत्या. आबा बोलायला बसले की एक ओळ येत नाही. गायला लागले की येते. आमच्या घराण्याचीच ओवी आहे ती, दुसरीकडं कुठं नाही. वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, घेऊन बावड्यावरनं निघायचं ते कोकणात उतरायचं, मधले सगळे मुक्काम, आणि कुठल्या मुक्कामाला काय झालं ते. आबांच्या आज्यापासनं प्रत्येकानं त्यात आपापलं घातलंय. माझे वडील कारखान्यात लागले, आमच्यातलं कुणी मेंढरामागं गेलं नाही. आता ती फक्त आबांच्यात आहे.

आबा : माझ्यात बी न्हाय, पोरी. तेच तर सांगायचं हाय मला. तुमी दोघं बी ऐका. ही झील तू फुकट म्हणालीस, ती फुकट न्हाय.

छकुली : मग कशाला असती?

आबा : मी ओळ टाकली की भिमा ती उचलायचा. तो म्हणतोय तवर मी फुडची आणाय जायचो. मागची त्यानं धरल्याली आसायची, म्हणून मला ती सोडता यायची. आख्खी ओवी माझ्याजवळ कवाच नव्हती. एका टायमाला एकच ओळ. बाकीच्या कुठं ऱ्हायच्या ते मला ठावं न्हाय. मी हात घालायचो, आन् यायची.

मानसिंग : थांबा, थांबा. म्हणजे हिनं एकाच दिवशी मशिनचीही वरची बंद केली आणि तुमचीही.

छकुली : व्हय. केली.

आबा : तिचं काय चुकलं न्हाय, मानसिंगराव. तिला वाटलं, आज्ज्याकडं राम भरपूर हाय.

छकुली : आबा, मी परत चालू करते. मशिन एकदा बंद करून सुरू करावं लागंल. पाच मिनिटं थांबा.

मानसिंग : आणि ती उचकी?

छकुली : मी टेकवायला एक सलग जागा आखून देते, पाचशे एमबी. म्हणजे दर वेळी जागा शोधत फिरायला नको. बाकीचं सगळं बंद ठेवते. तरी एखादी लागली तर लागली. अडकण्यापेक्षा बरी.

मानसिंग : पाचशे? माझ्या पत्रिकांची चित्रं आहेत त्या डिस्कवर.

छकुली : त्याला धक्का लागत नाही, दादा.

मानसिंग : लागला तरी आता काय बोलणार आहे मी. थांब, शटर निम्मं ओढून येतो. आणि पंखा बंद करू का? मघाशी तो पण वाजत होता.

छकुली : करा. उकडंल पण.

मानसिंग : उकडू दे. पत्रिका न्यायला कुणी आलं तर बसेल बाहेर.

छकुली : आबा, तोवर एक सांगा. भिगवणच्या मुक्कामाला अडकला कशानं? तिथली ओळ भिमातात्या असताना यायची न्हवं?

आबा : तितं ओळ नसायची. तितं भिमाचा ढोल आसायचा. वाळूचा मुक्काम मी म्हणलो, की भिमा ढोल घुमवायचा, लांबलचक. ढोल थांबला की मी एकदम बारामतीच्या वाटंला लागायचो. आज ढोल न्हाय. तितं पाय टाकला आन् खाली काय लागलंच न्हाय.

मानसिंग : पण ढोलाच्या आधी, मुळात, तिथं काहीतरी असेलच की.

आबा : आसंल. बापाची आसंल एखादी ओळ. आमी दोघांनी ती कवा म्हणली न्हाय. आता तर तो मुक्काम बी न्हाय. जुन्या भिगवणच्या खालची वाळू ती. उजनीचं पाणी चढलं त्याला ईस वर्सं झाली. डोळ्याम्होरं बी काय येत न्हाय.

छकुली : झालं सुरू. आता झील कोण धरणार? मला गाता येत न्हाय, आबा.

आबा : झीलकऱ्याला गाता आलं न्हाय तरी चालतं. ऐकल्याली ओळ तशीच माघारी द्यायची. आपल्या पदरचं त्यात घालायचं न्हाय. आन् मी गप झालो तर तू गप व्हायाचं न्हाय. हातात जी ओळ आसंल ती म्हणत ऱ्हायाची. मी येईस्तवर.

छकुली : आन् न्हाय आला तर?

आबा : तू सोडली न्हाईस तर येईन.

मानसिंग : गप्प बसायची मुभा आहे आता, आबा. कितीही बसा. पाचशे आहेत.

छकुली : दादा, आता बोलायचं न्हाय. ह्यात सगळं येतं. आबा, म्हणा.

आबा : "बावड्याच्या शिवंला, वाडा जागा झाला जी."

छकुली : "बावड्याच्या शिवंला, वाडा जागा झाला जी."

आबा : "घोड्यावं बिऱ्हाड, डालीत कोकरं जी."

छकुली : "घोड्यावं बिऱ्हाड, डालीत कोकरं जी."

आबा : "म्होरं चालली मेंढरं, मागं चालली कुत्री जी."

छकुली : "म्होरं चालली मेंढरं, मागं चालली कुत्री जी."

. . . . .

आबा : "भीमामाईच्या वाळूत, भिगवणचा मुक्काम जी."

छकुली : "भीमामाईच्या वाळूत, भिगवणचा मुक्काम जी."

छकुली : "भीमामाईच्या वाळूत, भिगवणचा मुक्काम जी."

छकुली : "भीमामाईच्या वाळूत, भिगवणचा मुक्काम जी."

मानसिंग : डिस्क वाजतीय बघ. दिवा लागला.

छकुली : "भीमामाईच्या वाळूत, भिगवणचा मुक्काम जी."

छकुली : "भीमामाईच्या वाळूत, भिगवणचा मुक्काम जी."

आबा : "पहाटंच्या गारठ्यात, रंगू बाळंत झाली जी."

छकुली : "पहाटंच्या गारठ्यात, रंगू बाळंत झाली जी."

आबा : "लेकरू दिलं वाळूला, रंगू उठली न्हाय जी."

छकुली : "लेकरू दिलं वाळूला, रंगू उठली न्हाय जी."

आबा : "लेकराचं नाव भिमा, नदीनं ठेवलं जी."

छकुली : "लेकराचं नाव भिमा, नदीनं ठेवलं जी."

आबा : "ऊठ गड्या मेंढक्या, बारामती लांब जी."

छकुली : "ऊठ गड्या मेंढक्या, बारामती लांब जी."

. . . . .

मानसिंग : आता बोललं तर चालेल का?

छकुली : बोला. ठेवलं. दोन जागी ठेवलं. बत्तीस मिनिटं झाली, दादा. कोऱ्हाळ्याच्या माळावरनं घाट उतरून पार कोकणापर्यंत.

मानसिंग : माझा शर्ट पाठीला चिकटलाय आणि मला कळलंही नाही. पाणी घ्या, आबा. दमानं.

छकुली : आबा, रंगू कोण?

आबा : आई. माझी आन् भिमाची.

छकुली : मला कुणी कवा हे नाव सांगितलं न्हाय.

आबा : घरात निघत नव्हतं ते नाव. भिमाला लागंल म्हणून. मी पाच वर्सांचा हुतो ती गेली तवा. मला तिचा हात तेवढा आठवतो, तोंड न्हाय. बाप ही ओळ माझ्याम्होरं एकदाच म्हणला. मी आठ वर्सांचा आसंन, भिमा तिथंच खेळत हुता. म्हणला आन् मधीच उठून गेला. परत म्हणली न्हाय.

छकुली : मग ढोल?

आबा : भिमा मोठा झाला, ढोल शिकला. आमी दोघं पयल्यांदा देवाम्होरं गायला बसलो. वाळूचा मुक्काम आला. फुडं काय म्हणावं म्हणून मी कचरलो, तर ह्यानं ढोल घुमवला. माझ्याकडं बघितलं बी न्हाय. त्याला कुणी सांगितलं, कवा कळलं, मी इचारलं न्हाय. त्यानं सांगितलं न्हाय. तवापासनं ती जागा ढोलाची झाली. पन्नास वर्सं.

मानसिंग : आणि ती ओळ पन्नास वर्षं होती कुठं?

आबा : तेच मला कळंना झालंय, मानसिंगराव. देवाशपथ सांगतो, माझ्याजवळ नव्हती. मघाशी मी किती उकरलं. ही पोर वाळूची ओळ धरून बसली. चारदा, पाचदा. सूर लागंना तिला, पण सोडंना. मला वाटलं, आता हिनं धरलीया, हिच्या हातातनं काय पडत न्हाय. मग मी गेलो. लांब गेलो. आन् ती तितंच हुती. बापाच्या आवाजात हुती. शब्द बी झिजला न्हवता.

मानसिंग : मी ह्या मशिनसमोर तीन वर्षं बसतोय. आत काहीतरी मोठं आहे असं मला रोज वाटतं. पण आज तुमच्या तोंडाकडं बघत होतो, तर ह्याचं काहीच वाटेना झालं.

आबा : आसं म्हणू नका. त्यानं बी सांभाळलं. मी तितं गप बसलो, ती शांतता बी आसंल न्हवं गं ह्यात?

छकुली : हाय आबा. सगळी हाय. दादांचं बोलणं बी हाय.

मानसिंग : माझं? कुठलं?

छकुली : डिस्क वाजतीय बघ, म्हणालात न्हवं. ते आता कायमचं ओवीत बसलं.

मानसिंग : अरे देवा. ते पुसून टाक की.

आबा : ऱ्हाऊ द्या. त्या मुक्कामाला तुमी हजर हुता. लोकांनी आपापलं घातलंय त्यात, तसं तुमचं बी.

छकुली : आबा, ऐकायचं का थोडं? तुमी तुमचा आवाज भायरनं कवा ऐकलाय?

आबा : न्हाय ऐकला. लाव.

छकुली : ऐका. हे कोऱ्हाळ्याच्या माळावरचं.

आबा : हा मी?

छकुली : तुमीच.

आबा : म्हातारा बरा गातोय की. थोडा नाकात गातोय. पण वाट चुकला न्हाय.

मानसिंग : आबा, ह्याची सीडी करून आणतो मी पुण्याहून. आणि घरच्या टेपसाठी कॅसेट. चार करू. कुणी गाणी भरली तरी तीन राहतील. छकुली, ती खूण आता तशीच ठेव. कुणी मासिक दाखवलं तरी.

छकुली : ठेवली दादा. पंखा लावा आता, आबांना घाम फुटलाय. आबा, आणखी लावू का?

आबा : नको. कॅसेट आली की घरी सगळ्यांच्यात बसून ऐकू. सोमवारी किती वाजता निघायचं म्हणालीस?

छकुली : साडेपाचची एसटी हाय. डाक्टरांनी आठला बोलावलंय. तुमी घाबरू नका.

आबा : मघापातूर लई भ्या वाटत हुतं. आता डाक्टरला म्हणावं, काय न्यायचं ते न्या.